सतरा नंबरचा फोटो

दिघे सरांनी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला, तेव्हा पौर्णिमा ओव्हाळ एका तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढत होती आणि बाळ काही केल्या डोळे उघडत नव्हतं. आई चुटक्या वाजवत होती, आजी खुळखुळा हलवत होती. सर अर्धा तास स्टुलावर निमूट बसून राहिले. बाळाने एकदाचे डोळे उघडले, फोटो निघाला आणि मग सर म्हणाले, "चोवीस फोटो आहेत. मोठे छापायचे, फ्रेम करायचे, खाली माहितीच्या पाट्या. दहा फेब्रुवारीला प्रदर्शन."

दिघे सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या कर्जतला त्यांनी शिकवलेलं, पौर्णिमालाही. आता वाचनालयाच्या समितीचं काम बघायचे. बोरघाटातून रेल्वे वर चढली त्या काळातले फोटो एका परदेशी ग्रंथालयाकडून त्यांनी वर्षभर पत्रव्यवहार करून मिळवले होते. एकशे साठ वर्षांपूर्वीचे. उल्हास नदीचं खोरं, कातळात खोदलेले बोगदे, बांबूच्या परांच्या, अर्धवट उभे पूल.

पौर्णिमाला जुन्या फोटोंचं काम नवं नव्हतं. गावोगावचे लोक आजोबांचे पिवळे पडलेले फोटो घेऊन यायचे आणि ती ते स्कॅन करून, डाग काढून, नवे करून द्यायची. तसंच हेही काम, असं धरून ती त्या संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसली. सोळा फोटो झाले. सतराव्याला ती थांबली.

एक ओढा होता. ओढ्यात पुलाचे दोन खांब कमरेएवढे चढलेले. मागे एक मोठा चपट्या डोक्याचा खडक, त्याला वरपासून खालपर्यंत सरळ चीर गेलेली. खांबांच्या आजूबाजूला माणसंच माणसं. दगड घडवणारे, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया. फोटो मोठा करत नेला तसतसे चेहरे दिसायला लागले. त्या काळी एका फोटोला कितीतरी सेकंद लागायचे, हे पौर्णिमाला माहीत होतं. म्हणजे या सगळ्यांना कुणीतरी दरडावून स्तब्ध उभं केलेलं होतं. हातोडे उगारलेले, पण घाव घालायचे थांबलेले. फक्त पुढची एक बाई हलली होती. डोक्यावर पाटी आणि पाठीला झोळीत पोर. तिचा चेहरा पुसट धूर झाला होता. पोर रडलं असेल, तिने मान वळवली असेल.

खाली मजकूर होता : ओढ्यावरील पुलाचे बांधकाम, थळ घाट.

तेवढ्यात सासरे डबा घेऊन आले. कमळाकर ओव्हाळ चौतीस वर्षं रेल्वेत होते, शेवटची वीस वर्षं घाटात कीमन. रोज खांद्यावर हातोडा टाकून पाच-सहा किलोमीटर रूळ चालायचा, कुठे रूळ आवळणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, कुठे दगड घसरला असेल तर कळवायचं. घाट त्यांच्या तळपायांना पाठ होता.

"मामा, हे बघा जरा."

कमळाकरांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग बोट थेट खडकावर ठेवलं.

"ह्यो खडक मी बघितलाय."

"थळ घाटात गेला होतात तुम्ही?"

"नाय गं. कसाऱ्याकडं कशाला जाऊ मी? ह्यो आपला हाय. नागनाथ केबिनच्या खाली, नदीच्या अंगाला. तिथं रानात जुने खांब हायेत, येलींनी गुरफटलेले. ती लाइन मागंच सोडून दिली, पण खांब ऱ्हायले." मग ते थोडे चाचरले. "पण जागा अशी नाय. खडक वळखीचा, जागा बिनवळखीची. काय गडबड हाय, सांगता येत नाय मला."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा दिघे सरांकडे गेली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ओव्हाळांना वाटतंय म्हणून मी ग्रंथालयाची नोंद बदलू?" ते म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी एका पुस्तिकेत मी एका फोटोखाली 'कर्जत' छापलं होतं. तो निघाला भुसावळचा. आजही मला त्यावरून लोक चिडवतात. पुरावा असेल तर आण. नाहीतर आहे तसं जाऊ दे. तू फ्रेमचं बघ."

पौर्णिमा जिना उतरली ती मनाशी ठरवूनच. पुरावा म्हणजे काय, हे तिला धंद्यामुळे चांगलं कळत होतं. फोटोग्राफर जिथे उभा होता तिथेच जाऊन उभं राहायचं. तिथून तोच खडक, तेच खांब एकमेकांना तसेच लागून दिसले, तर जागा तीच. एक पाऊल इकडेतिकडे झालं तरी फोटो जुळत नाही.

रविवारी ती आणि कमळाकर स्कूटरवरून कोंदिवड्याला गेले आणि पुढे नदीच्या पात्रातून चालू लागले. रुळांवरून गेलं असतं तर वाट निम्म्याने वाचली असती. पण पौर्णिमाने तसं सुचवताच कमळाकर म्हणाले, "आता आपुन भायेरची माणसं. चौतीस वर्सं लोकांना लाइनीवरनं हाकललं मी. आता मीच चालू व्हय?"

जानेवारीचं पाणी घोट्याएवढं होतं. पण पात्रातले धोंडे म्हणजे एकेक म्हैस बसलेली. साठी ओलांडलेले कमळाकर पुढे आणि चौतिशीची पौर्णिमा कॅमेऱ्याची पिशवी सांभाळत मागे. वर कड्यावरून मालगाडी चढत होती. मागून इंजिनं रेटा देत होती आणि तो आवाज खोऱ्यात भरून राहिला होता.

ओहळाच्या तोंडाशी पोचायला अडीच तास लागले. खांब होते. करवंदीच्या जाळीत, वेलींत गुरफटलेले, पण होते. मागे चपट्या डोक्याचा खडकही होता. तिने फोटोची प्रत काढली आणि जागा शोधायला लागली.

पण जागा सापडेना. फोटोत पाणी डावीकडे वाहत होतं, इथे उजवीकडे. फोटोत खडक डाव्या खांबाला लागून होता, इथे उजव्या. फोटोतल्या सावल्या उजवीकडे पडलेल्या, म्हणजे तिच्या हिशेबाने सकाळची वेळ. पण इथे सकाळी ओहळात ऊनच उतरत नव्हतं. पलीकडच्या काठावर चढून बघितलं, तर खडकाची चीरच दिसेना. दोन वाजेपर्यंत ती चढली, उतरली, गुडघा फोडून घेतला. शेवटी कमळाकरच म्हणाले, "चल गं आता. पानी संपलं पिण्याचं."

"दुसरा असंल बाबा खडक," कोंदिवड्याला स्कूटरजवळ आल्यावर कमळाकर पुटपुटले. "म्हातारपणी नजर काय धड ऱ्हाते व्हय."

पौर्णिमाला ते ऐकवलं नाही. स्वतःच्या चुकीपेक्षा, हा माणूस आपल्या नजरेवर अविश्वास दाखवतोय, हे तिला जास्त लागलं. "नजर तुमची बरोबर आहे मामा," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय. मी सोडणार नाही."

नवरा कपिल खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जायचा. तो म्हणाला, "सर म्हणतायत ना थळ घाट, मग लिही थळ घाट. वाचणार कोण?" तिने सतरा नंबरचा मोठा प्रिंट काढून घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. भाकऱ्या थापताना बघायची, भांडी घासताना बघायची. खांब, पाणी, चीर, सावल्या.

तिसऱ्या दिवशी सासूबाई, पारूबाई, तांदूळ निवडता निवडता त्या फोटोसमोर बसल्या. लग्नाआधी पारूबाई चौकच्या खाणीवर खडी फोडायला जायच्या. सहा वर्षं त्यांनी ते काम केलं होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांची नखं तेव्हापासून वाकडीच होती.

"पौर्णिमे," त्या म्हणाल्या, "ही सगळी मान्सं डावखुरी कशी गं?"

"काय आत्या?"

"हे बघ की. हा पाथरवट, त्याच्या डाव्या हातात हातोडा. त्याच्या बाजूचा, डाव्याच हातात. ह्यो तिसरा. समदेच. आमच्या खाणीवर शंभर मान्सं व्हती, त्यात डावखुरा एक धाकलू. त्याला समदी हसायची. हितं बघावं तर उजवा एकबी नाय."

पौर्णिमा हातातलं फडकं तसंच टाकून भिंतीजवळ आली. एक, दोन, पाच, नऊ. दगड घडवणाऱ्या नऊच्या नऊ माणसांच्या डाव्या हातात हातोडा होता. पाट्यांवाल्या बायांकडे बघितलं. सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर.

त्या काळी फोटो काचेवर घ्यायचे. काच उलटी धरून कागदावर छापली, की डावं ते उजवं. तिचाच धंदा, आणि तिलाच सुचलं नव्हतं. तिने लॅपटॉप उघडला, फोटो घेतला, एक बटण दाबलं. चित्र आरशातल्यासारखं फिरलं.

"मामा!"

कमळाकर ओटीवर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन आत आले. स्क्रीनकडे बघितलं आणि मोठ्याने हसले.

"अगं ह्यो तर आपला ओहळ! ही बघ, हितनं पानी खाली येतं. आन् ह्या खडकाच्या सावलीला आमी भाकरी खायाचो, दुपारची. माझी गँग, समदी." मग पारूबाईंकडे वळून म्हणाले, "चौतीस वर्सं हातोडा माझ्या हातात. आन् दिसला तुला!"

"तू रूळ बघत व्हतास," पारूबाई म्हणाल्या. "मी मान्सं बघितली."

दुसऱ्यांदा जाताना पौर्णिमा तयारीने गेली. आता सावल्या डावीकडे पडत होत्या, म्हणजे वेळ दुपार टळल्यानंतरची. आणि अजून एक गोष्ट तिने वाचून काढली होती. तेव्हा काचेवर ओलं औषध लावून, ते वाळायच्या आत फोटो घ्यावा लागे आणि लगोलग पाण्याने धुवावा लागे. म्हणजे फोटोग्राफरचा तंबू पाण्यापासून लांब असणार नाही. पण फोटोत तो खांबांकडे वरून बघत होता. उंचावर, तरीही पाण्याजवळ.

"अशी जागा एकच," कमळाकर म्हणाले. "वरचा डोह. लहान हाय, पण मे महिन्यातबी आटत नाय."

डोहाच्या कडेला कातळाचा सपाट पट्टा होता, चार माणसं उभी राहतील एवढा. पौर्णिमाने तिथे कॅमेरा स्टँडवर लावला. खाली कमळाकर खांबाजवळ गेले. फोटोतली ती पाठीला पोर बांधलेली बाई जिथे उभी होती, तिथे त्यांनी उभं राहायचं होतं, म्हणजे माप कळलं असतं.

"डावीकडं!" पौर्णिमा वरून ओरडली. "अजून! नाही, एवढं नाही! मागं या!"

"मागं जाळी हाय गं!"

"मग जाळीत शिरा!"

कमळाकर करवंदीत शिरले. काटे टोचले तशा दोन शिव्याही त्यांनी हासडल्या. पौर्णिमाने स्टँड वीतभर उजवीकडे सरकवला. खांबाची कड चिरेला टेकेना. अजून वीतभर. मग स्टँडचे पाय चार बोटं खाली घेतले. साडेतीन झाले होते. उन्हाचा पट्टा हळूहळू खडकावर आला, चिरेत सावली भरली, आणि खांबाची कड चिरेच्या खालच्या टोकाला बरोब्बर लागली.

तिने बटण दाबलं. खाली तिचा सासरा फोटोतल्या माणसांएवढाच दिसत होता, पांढरा सदरा घातलेला, हात कमरेवर ठेवून. एकशे साठ वर्षांपूर्वी इथेच उभ्या असलेल्या कुणाला खाली माणसं अशीच दिसली होती. त्याने त्यांना नावं विचारली नव्हती.

"झालं का गं?" कमळाकर ओरडले.

"झालं मामा! जुळलं!"

सोमवारी तिने नवा फोटो पारदर्शक कागदावर छापला, जुना फोटो सुलटा करून त्याच मापात काढला, आणि दोन्ही घेऊन दिघे सरांच्या टेबलाशी गेली. हातोड्यांवर बोट ठेवून एकदा दाखवलं, मग पारदर्शक कागद जुन्या फोटोवर ठेवला.

सरांनी कागद बोटाने जरासा सरकवला. चीर चिरेवर बसली. खांबांच्या कडा कडांवर बसल्या. डोहातून उतरणारी पाण्याची धारसुद्धा तिथेच होती. सरांनी वाकून बघितलं. मग चष्मा काढून पुसला.

"मी तो फोटो इतके दिवस पाहतोय," ते म्हणाले. "बोरघाट, उल्हास खोरं. लिही." त्यांनी स्वतःच कागदावर नवा मजकूर लिहायला घेतला.

"सर, अजून एक ओळ हवी," पौर्णिमा म्हणाली. "माणसांची."

"माणसांची म्हणजे?"

"सोळा पाट्यांवर साहेबांची, ठेकेदारांची नावं आहेत. या फोटोत एकही साहेब नाही. मग पाटीवर एकटा पूल का?"

"अगं, पण त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. लिहिणार काय?"

"नावं नाहीत. संख्या आहे. मी भिंगाने मोजलीत. एक्केचाळीस. सव्वीस बाप्ये, चौदा बाया, एक तान्हं पोर."

सर म्हणाले की पाटीला दोन ओळींची मर्यादा आहे, बाकीच्या तेवीस पाट्या तशाच आहेत, एकच वेगळी दिसेल. शिवाय समितीत प्रश्न येतील. पौर्णिमाने सगळं ऐकलं.

"वेगळी दिसू दे," ती म्हणाली. "सर, तुम्हीच शिकवलंत आम्हाला, पुरावा असेल ते लिहायचं. एक्केचाळीस माणसांचा पुरावा समोर आहे. ही ओळ नसेल तर ही पाटी मी छापणार नाही. तुम्ही दुसरीकडून छापून घ्या, माझा राग नाही."

सरांनी तिच्याकडे बघितलं. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, कधी हात वर न करणारी मुलगी त्यांना आठवत असावी. त्यांनी लगेच होकार दिला नाही. "उद्या सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. हातात कागद. अक्षर नेहमीसारखं टपोरं :

'ओहळावरील पुलाचे बांधकाम, बोरघाट, उल्हास नदीचे खोरे. चित्रात कामावरची एक्केचाळीस माणसे : सव्वीस पुरुष, चौदा स्त्रिया, एक तान्हे मूल. त्यांची नावे नोंदलेली नाहीत. जागा शोधली : कमळाकर, पारूबाई व पौर्णिमा ओव्हाळ, कर्जत.'

"चार ओळी झाल्या," सर म्हणाले. "होऊ देत."

प्रदर्शनाला गर्दी अशी पहिल्या दिवशी झाली नाही. शाळेची मुलं आली, समितीचे लोक आले, भाषणं झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र घाटात रुळांची देखभाल करणारी कामगारांची एक अख्खी गँग नारिंगी जाकिटं घालून, कामाच्या बुटांनी सभागृहात शिरली. त्यांना कमळाकरांनी फोन केला होता. बाकीच्या फोटोंवरून त्यांनी भराभर नजर फिरवली आणि सतरा नंबरसमोर येऊन सगळे दाटीने उभे राहिले.

"आयला, आपली बैठक," लडकू नावाचा मुकादम म्हणाला. "परवाच भाकरी खाल्ली तिथं."

त्यांच्यात एक नव्याने भरती झालेली ट्रॅकवुमन होती, जागृती. ती पुढे झाली आणि पाटी मोठ्याने वाचू लागली. चौदा स्त्रियांशी ती अडखळली. मग फोटोत एकेक बाई बोटाने मोजू लागली. पारूबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "ही धरलीस का? खांबाआड हाय ती," त्या म्हणाल्या. जागृतीने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, आणि चौदा भरेपर्यंत मागचे सगळे तिच्या बोटामागे नजर फिरवत राहिले.

सरांनी दोन्ही फोटो परदेशी ग्रंथालयाला पाठवले होते; मार्चच्या सुरुवातीला त्यांचं पत्र आलं. त्यांनी आपल्याकडचा फोटो सुलटा केला होता, थळ घाट खोडला होता. खाली नवी नोंद होती, इंग्रजीत, आणि त्यात एक्केचाळीस माणसंही होती. दिघे सरांनी ते पत्र छापून आणलं, पौर्णिमाला वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तरी जायला उठेनात.

"मला ती जागा बघायचीय," ते शेवटी म्हणाले.

सरांचं वय बहात्तर. कमळाकरांनी त्यांच्या पायांकडे, मग चपलांकडे बघितलं. "बूट घाला. आन् सकाळी सहाला निघू. उशीर चालायचा नाय."

अडीच तासांच्या वाटेला साडेचार तास लागले. सर दर शंभर पावलांना बसत होते. दोनदा पौर्णिमा म्हणाली, परत फिरू या. दोन्ही वेळा सरांनी काठी टेकली आणि उठले. एका धोंड्यावरून तर कमळाकरांनी त्यांना अक्षरशः पाठीवर घेतलं. डोहाशी पोचल्यावर सर सपाट कातळावर टेकले, धाप लागलेली, सदरा भिजलेला. वर मालगाडी चढत होती. खाली वेलींतून खांबांचे घडीव दगड दिसत होते, एकावर एक, सांध्यात चाकूचं पातंही शिरणार नाही असे.

सरांनी ते बघितले. मग विचारलं, "ओव्हाळ, या लाइनचे अजून खांब असतील?"

"हायेत की. तिकडं वरच्या नाळेत, घळीत. तीन हायेत. पन चढ खडा हाय सर."

सरांनी पाण्याची बाटली रिकामी केली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि काठीसाठी हात पुढे केला.